पिशंग ठिणगी

भिवंडी, १२ जुलै

प्रियंका,

पत्राच्या आरंभी 'अनेक आशीर्वाद' लिहायची रीत आहे. तुला एकच पाठवते. पुण्यात सगळं महाग असतं म्हणतात, पुरवून वापर.

पत्र का, असं विचारशील. व्हॉट्सअ‍ॅपवर मी पानभर लिहिलं की तू दोन निळ्या खुणा करून मोकळी होतेस. मी सत्तावीस वर्षं वह्या तपासते आहे. नुसती खूण करून वही परत दिली म्हणजे आतलं वाचलेलं नसतं, हे मला कुणी शिकवायला नको. पत्राला खूण करता येत नाही. फार तर फाडता येतं, पण त्यासाठी आधी उघडावं लागतं.

शाळेची खबर: कॉम्प्युटर लॅबला अजून नवीन शिक्षक मिळालेला नाही. हेडमास्तरांनी किल्ली माझ्याकडे दिली. म्हणाले, "मॅडम, तुम्ही शाळा सुटल्यावर तिथेच तर बसायचात." बसायचे. संस्कृतच्या बाईंनी चार वर्षं कॉम्प्युटर लॅबमध्ये काय केलं, हे स्टाफरूमला अजून कळलेलं नाही. मधल्या सुट्टीत पाटकर सरांनी विचारलं, "तुमच्या त्या गेमचं काय झालं हो?" मी म्हटलं, "पुण्याला गेला. नोकरीला लागला." सर म्हणाले, "बरं झालं, मार्गी लागला."

आता मार्गी लागलेल्याबद्दल. तुझ्या आई सांगत होत्या की तू तिथे लोकांना खेळाची गोष्ट सांगताना 'आमच्या टीमने' अशी सुरुवात करतेस. म्हणून एकदा लिहून ठेवते, म्हणजे विसरायला नको. टीममध्ये दोन बायका होत्या. एक तू, कॉम्प्युटर शिकवणारी, कोन गावाहून दोन रिक्षा बदलून येणारी. दुसरी मी. खेळात एक ठिणगी आहे. लूमच्या शेडमध्ये ती वाट चुकते. हवेत सगळीकडे कापसाचे तंतू उडतायत. कशालाही आग न लावता तिला पलीकडच्या चुलीपर्यंत पोचायचंय. ही गोष्ट तुझी, कबूल. तिच्या अंगातून उडणारे कण कसे उडायचे, ते सांगणारं स्क्रिप्टही तुझंच. पण त्या कणांना रंग कुणी दिला?

आठवत नसेल तर सांगते. तू आधी ठिणगीला 'लाल' दिला होतास. मी म्हटलं, लाल कुंकू असतं, लाल एसटी असते, ठिणगी पिशंग असते. तू म्हणालीस, "म्हणजे काय मॅडम?" मी म्हटलं, तांबूस, पिवळसर, कमळाच्या परागासारखा. तू म्हणालीस, "भिवंडीत कमळ कुठून आणू?" मग आपण धामणकर नाक्यावर शकूरचाचांच्या दुकानात गेलो, आणि त्यांनी धाग्यांचं शेडकार्ड आपल्यापुढे टाकलं. तिथल्या ट्यूबलाइटखाली आपण निवडलेला धागा त्यांनी हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "बहनजी, रंग देखना है तो दरवाज़े पे आओ. ट्यूबलाइट झूठ बोलती है." आपण दारात उभ्या राहिलो, रिक्षावाले ओरडत होते, आणि दोनशे धाग्यांतला तो एक धागा आपण निवडला. दुसऱ्या दिवशी तो पडद्याला चिकटवून तू आकडे हलवत बसलीस. लाल दोनशे पंचावन्न, हिरवा एकशे चाळीस, निळा पन्नास. पिशंग. माझा रंग.

तू पाठवलेला नऊ सेकंदांचा व्हिडिओ पाहिला. तुमच्या कंपनीतल्या त्या आसावरीने ठिणगीला नवीन रंग दिला आहे म्हणे. चांगला आहे. दातांच्या डॉक्टरकडे फिश टँकमध्ये असतो तसा.

विद्युल्लता

ता. क. तुझ्या निरोप समारंभाला मी आले नाही कारण मला पित्त झालं होतं. पित्त खरंच होतं.

•

भिवंडी, ४ ऑगस्ट

प्रियंका,

तुझं उत्तर आलं नाही, फोन आला. फोनही चालेल, मी हट्टी आहे, हुकूमशहा नाही. पण सव्वीस मिनिटांच्या बोलण्यात 'आसावरी' हा शब्द एकोणीस वेळा आला. मी मुद्दाम मोजत नव्हते. एखाद्या स्तोत्रात एकच नाव पुन्हा पुन्हा आलं की संख्या आपोआप लक्षात राहते, सवय आहे.

आसावरी म्हणे रंगांना नावं देत नाही. तिला थेट आकडे सुचतात. कणाच्या जन्माच्या क्षणी एक रंग, मध्ये दुसरा, विझताना तिसरा, आणि तिन्हींच्या मधले ती कॉम्प्युटरवर सोडत नाही, स्वतः लावते. वय सव्वीस. मी सव्वीसची होते तेव्हा मला साधी भाकरी गोल जमत नव्हती, त्यामुळे मी काही बोलत नाही.

भाकरीवरून आठवलं. रविवारी मी कोनला गेले होते. सहजच. म्हणजे आमच्या नवरोबांची, सुधीरची, अंजूरच्या गोडाऊनला ड्युटी होती आणि मला घरात करमेना. (तू विचारशील, अंजूर कुठे आणि कोन कुठे. म्हणूनच सहजच लिहिलं आहे.) तुझ्या आईंनी चहा दिला, नको म्हटलं तरी वर बटाटेवडा दिला. मी म्हटलं, "कौसल्याबाई, लेक कशी आहे?"

"बरी हाय. ती आसावरी हाय ना, तिच्याच रूमवर ऱ्हाते. त्या पोरीला सैपाक येत न्हाय. आमची प्रियंकाच भाकरी थापते दोघींची."

"रोज?"

"रोज. मग? उपाशी ठेवल काय?"

सतरा वर्षं एका स्टाफरूममध्ये काढली. माझ्या डब्यातली थालीपिठं तू किती खाल्लीस, ते मी लिहिणार नाही, कारण मी तशी बाई नाही. पण तुझ्या हातची भाकरी मी एकदाही खाल्लेली नाही, एवढं नोंदवून ठेवते. तुझ्या आईंनी फोनमधला फोटो दाखवला. तू आणि ती, दोघी एकाच स्क्रीनकडे बघताय. तू हसते आहेस. तसं हसताना तुझा डावा डोळा बारीक होतो. मला वाटायचं ते फक्त लॅबमध्येच होतं.

असो. षड्रिपूंमध्ये मत्सराचा नंबर सहावा. शेवटचा असल्यामुळे माझ्या अभ्यासातून तो राहूनच गेला होता. आता या वयात पुरवणी परीक्षा.

लॅबचे कॉम्प्युटर दर शुक्रवारी चालू करून ठेवावे लागतात, नाहीतर दमटपणाने बिघडतात. कोपऱ्यातल्या मशीनवर तो आपला 'लॅब' नावाचा अकाउंट अजून उघडाच आहे. शाळेचं नाव आणि स्थापनेचं साल हा पासवर्ड. रंगांचा तक्ताही तिथेच आहे. मला वाटलं होतं तुम्ही पुण्यात नवा केला असेल, पण तुम्ही दोघी आपल्या जुन्याच तक्त्यात, आपल्याच 'लॅब' नावाने काम करता, हे पाहून मौज वाटली. खेळ चालू होताना रंग या तक्त्यातून उचलतो ना अजून? ठिणगीच्या ओळीत आसावरीचे आकडे आहेत. बारीक बारीक, शून्याच्या पुढे टिंब देऊन. किराणा दुकानातल्या वेलदोड्यासारखे तोळ्या-माशाने.

मी नुसतं पाहिलं.

हैदराबादचे लोक वीस तारखेला खेळ बघायला येणार म्हणालीस. त्यांना पटला तर ते तो देशभर काढणार. ईश्वर करो आणि त्यांना पटो. तुझ्या 'आमच्या टीमचं' भलं होवो.

विद्युल्लता

•

भिवंडी, २१ ऑगस्ट

प्रियंका,

कशी झाली कालची सभा? हैदराबादचे लोक आले का? खेळ आवडला का? काल दिवसभर वाट पाहिली. फोन नाही, निळी खूण नाही, काही नाही. यशाच्या धांदलीत असशील.

इकडे सगळं ठीक. वंजारपट्टी नाक्यावर दोन तास ट्रॅफिक होतं. दहावीच्या चाचणीत सातजणांनी कोरी उत्तरपत्रिका दिली. एकाने खाली लिहिलं, 'मॅडम, वेळ पुरला नाही.' सुधीरचा गुडघा दुखतो.

लॅबमध्ये मी या आठवड्यात गेलेच नाही. शुक्रवारी गेले होते, पण फक्त पंखे पुसायला.

कळव.

विद्युल्लता

•

भिवंडी, २९ ऑगस्ट

प्रियंका,

तुझा फोन ठेवल्यापासून मी फार अस्वस्थ आहे, हे खरं मान.

तू सांगितलंस ते डोळ्यांपुढून जात नाही. हैदराबादचे चारजण बसलेत, तुमच्या कंपनीचे मिहिरसाहेब चहा मागवतायत, आसावरीने खेळ सुरू केला, अंधारी शेड आली, लूमचा खटखटाट आला, ठिणगी जन्मली, आणि सगळा पडदा पांढराफटक. शेड नाही, कापूस नाही, चूल नाही. नुसता पांढरा झोत. पाहुण्यांतल्या एकाने डोळ्यांवर हात धरला म्हणालीस. पुन्हा चालू केलं, पुन्हा पांढरं. ते लोक "नंतर बघू" म्हणून गेले.

आणि आता मिहिरसाहेब म्हणतात की आसावरीचा चाचणीचा काळ पंधरा सप्टेंबरला संपतो, तेव्हाच तिला थांबवू. तक्त्यात आदल्या शुक्रवारी बदल झालाय, त्यानंतर सभेपर्यंत खेळ कुणी चालवून पाहिला नव्हता, नाव 'लॅब' आहे, आणि त्या नावाने तुमच्याकडे रंगांना तीच हात लावते. ती आधी "मी नाही केलं" म्हणाली, आता म्हणते, "कदाचित झोपेत केलं असेल, मला आठवत नाही." हे सांगताना तू रडलीस.

मला वाईट वाटलं. पण वयाने मोठी आहे, म्हणून दोन शब्द लिहिते. या मुली हुशार असतात, पण पाया कच्चा असतो. नुसते आकडे सुचून चालत नाही, त्यांचं वजन कळावं लागतं. एकशे चाळीस कुठे घालावा आणि कुठे घालू नये, हे ज्याला कळत नाही त्याने आगीशी खेळू नये. जुन्या माणसांची कामाची एक पद्धत असते; दारात उभं राहून धागा बघायची. तू तिला जरा जास्तच डोक्यावर घेतलंस, असं मला पहिल्यापासून वाटत होतं. राग मानू नकोस.

ती गेली की एकटी पडशील. रंगांचं काम इथून करता येतं, मला काही फार वेळ लागत नाही. मिहिरसाहेबांना विचारून बघ. घाई नाही.

विद्युल्लता

•

भिवंडी, ४ सप्टेंबर

प्रियंका,

काल तू फोनवर नमस्कारसुद्धा केला नाहीस. एकच प्रश्न विचारलास: "मॅडम, एकशे चाळीस तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "काय एकशे चाळीस?"

"तुमच्या पत्रात आहे. मी तुम्हाला आकडे सांगितले नव्हते. पडदा पांढरा झाला एवढंच सांगितलं होतं."

मी म्हटलं, आपला जुना आकडा आहे, हाताच्या सवयीने आला. तू म्हणालीस, "मॅडम." फक्त तेवढंच. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराला मी जशी नुसतं नावाने हाक मारते, तशी. मी फोन ठेवला. तो ठेवायला नको होता.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं. पोरं खाऊ घेऊन गेली, स्टाफ गेला. मी लॅब उघडली. पंखे पुसायला नाही. तक्ता उघडला आणि ठिणगीच्या ओळीतले आसावरीचे आकडे पुसून माझे घातले. दोनशे पंचावन्न, एकशे चाळीस, पन्नास. तिन्ही रकान्यांत तेच, जन्मताना, मध्ये आणि विझताना.

आता माझा बचाव ऐक, मग फेटाळ. मला खेळ बिघडवायचा नव्हता. मी इतकंच ठरवलं होतं की हैदराबादचे लोक म्हणतील, "ठिणगीचा रंग काय सुंदर आहे!" तू आसावरीकडे बघशील, ती म्हणेल, "हा माझा नाही." मग तू ओळखशील. तू ओळखावंस एवढ्याचसाठी. मग मी फोनवर म्हणणार होते, "अगं, सहज घालून पाहिला." हे वाक्य मी पाठसुद्धा केलं होतं.

मला माहीत नव्हतं की तुमच्या पुण्याच्या यंत्रात रंग शून्य ते एक असा मोजतात. तिकडे एक म्हणजे पूर्ण. आपल्या शाळेच्या यंत्रात शून्य ते दोनशे पंचावन्न. एवढा आकडा तुमच्या यंत्राने चूक म्हणून नाकारायला हवा होता. पण ते बिचारं आज्ञाधारक. एक म्हणजे पूर्ण उजेड, तर दोनशे पंचावन्न म्हणजे दोनशे पंचावन्नपट उजेड, असं समजून त्याने ठिणगीचा सूर्य केला. ते शून्यापुढचं टिंब बघून मी वेलदोड्याचा विनोद केला. विचारायची गोष्ट होती, हसण्याची नव्हती. सत्तावीस वर्षं पोरांना सांगते, प्रश्न समजून घ्या, मग उत्तर लिहा.

एकवीस तारखेला मी तुला साळसूदपणे विचारलं तेव्हा तिकडे काय झालंय ते मला माहीत नव्हतं. पण काहीतरी झालंय हे माहीत होतं. एकोणतीसला सगळं माहीत होतं. तू रडत होतीस आणि मी ऐकत होते. आणि प्रियंका, माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट अशी होती: ती जाणार.

आज सकाळी तू पुन्हा फोन केलास म्हणून हे लिहिता येतंय. तू म्हणालीस, "आकडे मी पहिल्याच दिवशी ओळखले होते. पण ते आकडे लिहिलेलं जुन्या वहीतलं पान मीच आसावरीला दिलं होतं. मला वाटलं, तिने त्यातून उतरवले. तुमच्यावर संशय आला नाही मॅडम, तिच्यावर आला. तुम्हाला सतरा वर्षं ओळखते ना. तिला दोन महिने." मग म्हणालीस, "आता ती भाकरीसुद्धा माझ्या हातची खात नाही. मी तिला काय तोंड दाखवू?"

म्हणजे तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि तिच्यावर नाही. दोन महिने मी नेमकं हेच मागत होते.

आणि शेवटी म्हणालीस ते मी इथे लिहून ठेवते. "नाव तुम्ही दिलंत, बरोबर. धागा दोघींनी निवडला. पण तीन दिवस डोळे फोडून आकडे मी काढले. आणि तुम्ही जगभर सांगता, माझा रंग."

मिहिरसाहेबांना मी स्वतः सांगेन. तू मध्ये पडू नकोस, मला पाठीशी घालू नकोस. अकरा तारखेला व्हिडिओ कॉल ठरव, सगळ्यांसमोर. ती पोरगीही असू दे.

विद्युल्लता

•

भिवंडी, १३ सप्टेंबर

प्रियंका,

परवाच्या कॉलनंतर तू मला काही लिहिलं नाहीस. लिहिण्यासारखं होतं, पण तू दयाळू आहेस.

आधी जे बरं झालं ते. मी सांगितलं. लॅबमध्ये बसून, चार चौकोनांपुढे. माझ्या चौकोनात माझा चष्मा चमकत होता, त्यामुळे माझे डोळे कुणाला दिसले नसतील, तेवढं बरं. मिहिरसाहेब वयाने तिशीतले आहेत हे मला तेव्हा कळलं. मी पत्रांत उगीच त्यांना चहा मागवणारे गृहस्थ केलं होतं. त्यांनी ऐकलं आणि आसावरीला म्हणाले, "सॉरी यार." ती म्हणाली, "इट्स ओके." मग माझ्याकडे बघून, "थँक्यू मॅम, मला वाटलं मी वेडी झालेय." ती राहील. तिचं पंधरा तारखेचं भय गेलं. ती दिसायला एवढीशी आहे. फोटोत उंच वाटली होती.

इथे कॉल संपला असता तर मी सुटले असते.

पण मिहिरसाहेब हसून म्हणाले, "मॅडम, आता एवढं झालंय तर तुमचा तो रंग नीट घालून बघूया." आसावरीनेच भागाकार करून घातला. एक, पॉइंट पंचावन्न, पॉइंट दोन. तिची बोटं सेकंदभरही अडली नाहीत. मग तिने खेळातली तीच शेड पडद्यावर दोनदा, बाजूबाजूला लावली. डावीकडे माझी ठिणगी, उजवीकडे तिची.

माझी सुंदर होती. खरंच सांगते. शकूरचाचांच्या दारात दिसला होता तसाच पिशंग. जन्मली तेव्हा पिशंग, धोट्याखालून गेली तेव्हा पिशंग, विझतानाही पिशंग. एखाद्या बाईने लग्नातला शालू अंगणात, बाजारात, दवाखान्यात सगळीकडे नेसावा तशी.

तिची ठिणगी जन्मताना जवळजवळ पांढरी होती, मग पिवळी, मग तांबूस. आणि मग कापसाचा एक तंतू तरंगत जवळ आला. ती विझत आली. अंग चोरून घेतलं तिने. राखाडी झाली, श्वास धरल्यासारखी. तंतू पुढे गेला आणि ती हळूच पुन्हा तांबूस झाली. नऊ सेकंदांच्या त्या व्हिडिओत मला हे दिसलंच नव्हतं, कारण मी फक्त माझा रंग शोधत होते. खेळाची सगळी गोष्ट त्या तीन आकड्यांच्या उतरंडीत होती: कशालाही आग न लावता जायचंय. चार वर्षांत मला ते सुचलं नव्हतं.

मिहिरसाहेबांनी विचारलं, "मॅडम, तुम्हीच सांगा. कोणता?"

तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. एवढ्या कॉलमध्ये तेव्हा पहिल्यांदा.

मी म्हटलं, "माझा."

ते म्हणाले, "राइट. या रंगाला नाव आहे, मागे काहीतरी स्टोरी आहे, हैदराबादवाल्यांना हे सांगता येईल. तोच ठेवू. आणि खेळाच्या शेवटी नावांची यादी येते, त्यात मॅडमचं नाव घ्या." आसावरी म्हणाली, "चालेल." लिहून घेतलं तिने. तू मान खाली घातलीस.

म्हणजे बघ, मला सगळं मिळालं. खेळात माझा रंग, यादीत माझं नाव, आणि वर सगळ्यांसमोर कबुली दिल्याचं पुण्य. दोन दिवस मी ते घेऊन घरात फिरले. सुधीरला सांगितलं. तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "अरे वा. मग तोंड असं का?" मी म्हटलं, "तोंड असंच आहे." म्हणाला, "नाही. हे पित्ताचं तोंड आहे."

आज सकाळी शाळेत जायच्या आधी मिहिरसाहेबांना फोन केला. बोलणं जसंच्या तसं लिहिते, म्हणजे तुला माझ्या शब्दांवर विसंबायला नको, त्यांनाही विचारता येईल.

"मॅडम? बोला ना."

"परवा मी चुकीचं सांगितलं. आसावरीचा ठेवा."

"पण तुम्हीच म्हणालात."

"खोटं म्हणाले."

"का पण?"

मी म्हटलं, "हेवा वाटला."

त्यांनी अगदी मुलासारखं विचारलं, "आसावरीचा? मॅडम, ती चोवीस तास काम करते आणि तिला पोहेसुद्धा येत नाहीत."

मी म्हटलं, "येतील. शिकवणारी चांगली आहे."

मग त्यांनी विचारलं, "बरं, आणि यादीतलं नाव?" मी म्हटलं, "काढा." तोंडातून निघाल्यावर वाटलं, निदान 'विचार करते' म्हणायला हवं होतं. हैदराबादचे लोक बावीसला पुन्हा येतायत, त्याआधी आसावरीचे आकडे परत लागतील, असं त्यांनी कबूल केलं. 'लॅब' अकाउंटचा पासवर्ड मी बदलला नाही, तो तूच बदल. आणि मला सांगू नकोस.

मत्सर गेला, असं लिहिणार नाही. फोटोतला तुझा बारीक झालेला डोळा आठवला की अजूनही जागच्या जागी काहीतरी चावतं. पण मी त्याच्याशी आता नीट ओळख करून घेतली आहे. परक्यासारखं 'पित्त' म्हणत नाही. निरोप समारंभाला मी त्याच्यामुळेच आले नाही. तू साडी कुठली नेसली होतीस, हे मी तिघांना विचारलं होतं.

उत्तराची घाई करू नकोस. उत्तर नसलं तरी चालेल. हे पान मात्र आसावरीला दाखव. तिच्यासाठी एक वाक्य लिहायचं होतं म्हणून हे सगळं पत्र.

आसावरीचा रंग माझ्या रंगापेक्षा चांगला आहे.

यात आधी 'थोडासा' असा शब्द होता. तो खोडलाय. खोडलेला दिसेल, दिसू दे.

विद्युल्लता